मदत हवी आहे: गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरेचा रिपोर्ट आला, 'सोनं: २'. पण २ म्हणजे किती?

मंडळी, धातूंच्या खनिजांवर काम केलेलं कुणी असेल तर कृपया लवकर उत्तर द्या.

मी पुण्यात कोथरूडला राहतो. मामांचं शेत भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात आहे. उन्हाळ्यात विहीर खोल करताना पांढऱ्या गारेची शीर लागली. दीड फूट जाड, जवळजवळ उभी, दोन्ही बाजूंना फिलाइट नावाचा पापुद्रे सुटणारा राखाडी खडक. बांधापलीकडे चाळीसेक पावलांवर तीच शीर उघडी पडलेली दिसते. मामांनी त्यातला चमकणारा तुकडा निवडून एका प्रयोगशाळेत दिला. रिपोर्टमध्ये फक्त 'सोनं: २'. एककच नाही! फोन केला तर "लिहिलंय तेच" एवढंच उत्तर मिळालं.

२ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) असेल तर टनाला २ ग्रॅम, म्हणजे पुढे तपासण्यासारखं. २ पीपीबी (अब्जात दोन भाग) असेल तर तेवढं साध्या दगडातही असतं. हजारपटीचा फरक आहे, आणि इकडे मामा शेत गहाण टाकून आणखी खोदायचं म्हणतायत. शेत आपलं असलं तरी सरकारी खाणपट्ट्याशिवाय सोनं काढता येत नाही, हे सांगून थकलो. माझी झोप उडाली आहे.

एक तुकडा माझ्याकडे आहे. माझी नजर वेताळ टेकडीच्या काळ्या कातळावर तयार झालेली, त्यामुळे चूक असेल तर सांगा. फुटलेल्या बाजूला तांबूस गंज आहे आणि त्यात बारीक चौकोनी खळगे, म्हणजे पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) कुजून गेल्याची खूण. एका भेगेत हिरवा थर आहे, तो मॅलॅकाइट (तांब्याचं हिरवं खनिज) वाटतो. पिवळे दाणे चाकूने ओरखडले जातात. सुईने दाबले तर पसरत नाहीत, भुगा होतो. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासल्यावर हिरवट काळी रेघ उमटली. सोन्याची पिवळी आली असती. म्हणून हे चॅल्कोपायराइट, तांब्याचं खनिज, असं माझं मत. पण अशा सल्फाइडच्या (गंधकयुक्त खनिजाच्या) आत डोळ्यांना न दिसणारं सोनं असू शकतं, तिथेच मी अडलोय.

आता नमुना नीट घ्यायचा आहे. शिरेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी चर खोदून सगळा चुरा गोळा करायचा, बाजूच्या फिलाइटचा वेगळा, प्रत्येकी २-३ किलो, असा विचार आहे. विहिरीत आणि बांधापलीकडे मिळून किती ठिकाणी घ्यावा? सोन्यासाठी 'फायर असे' (fire assay, म्हणजे नमुना वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढून मोजण्याची चाचणी) हीच करतात हे माहीत आहे, पण दाणे विखुरलेले असतील तर ३० ग्रॅमची एकच चाचणी पुरते का? आणि पुण्यात पॉलिश केलेला छेद करून परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली कोण बघून देईल? विद्यापीठातल्या किंवा फर्ग्युसनच्या भूशास्त्र विभागात बाहेरच्या माणसाने कसं विचारावं?

येत्या शनिवारी गावी निघतोय. निदान चर कुठे आणि किती घ्यायची, एवढं त्याआधी कळलं तरी मामांना थांबवायला माझ्या हातात काहीतरी असेल.