ग्रामीण प्रशिक्षण संस्थेचे प्रमुखपद सोडल्यावर ‘मार्गदर्शक’ म्हणून राहावे का?

पलासियाकर (प्रस्ताव)
धार, झाबुआ आणि आलिराजपूर जिल्ह्यांतील तरुणांना प्रशिक्षण देऊन नोकरीला लावणाऱ्या, इंदूरहून चालणाऱ्या एका संस्थेचे प्रमुखपद मी येत्या मार्चअखेर सोडणार आहे. मी मार्गदर्शक म्हणून राहावे, असा नियामक मंडळाचा आग्रह आहे. मी त्यास नकार देणार आहे. पद सोडणाऱ्याने बैठकीतूनही उठले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. २०१४ साली सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेसारख्या चौकटीत प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्क्यांना नोकरी मिळवून द्यावी लागते, आणि ती जबाबदारी ज्याच्यावर येते त्याला पिथमपूरच्या कारखान्यांची गरज पाहून एखादा जुना अभ्यासक्रम बंद करण्याची मोकळीक हवी. तो अभ्यासक्रम सुरू करणाराच शेजारी बसला असेल, तर कर्मचारी दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतील.

निमाडची लेक
मला हे मान्य नाही. फलियातला, म्हणजे आदिवासी पाड्यावरचा, बाप आपल्या मुलीला निवासी प्रशिक्षणाला पाठवताना योजनेचे नाव विचारत नाही, तिथे कोण आहे हे विचारतो. आपली खरी स्पर्धा दुसऱ्या संस्थेशी नाही, ती दिवाळीनंतर उचल देऊन गुजरातेत टोळी नेणाऱ्या मुकादमाशी आहे. तो मुकादम दरवर्षी तोच असतो, त्याच घरी येतो, अडीअडचणीला पैसे देतो, आणि म्हणूनच त्याची मजुरी कमी असली तरी लोक त्याच्याबरोबर जातात. त्याच्यासमोर आपण दर काही वर्षांनी अनोळखी माणूस उभा करणार असू, तर मुले कोणाकडे जातील हे सांगायला नको. आपण दूर होण्याला निःस्पृहता म्हणता; गावाला ती पाठ फिरवणे वाटेल.

रामबागेतील वाचक
इंदूरमध्येच एक उदाहरण आहे. ग्रामीण आणि आदिवासी मुलींना निवासी प्रशिक्षण देणाऱ्या बरली संस्थेच्या संस्थापक-संचालक जनक पलटा मॅकगिलिगन यांनी १९८५ पासून सांभाळलेले पद २०११ मध्ये सोडले आणि पुढे सनावदिया गावात राहून सौरऊर्जेचे व शाश्वत जीवनशैलीचे काम उभे केले. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद सोडल्यानंतरही माणसाला मोठे काम करता येते, एवढे तरी यावरून दिसते. शिवाय बँकांच्या ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण संस्था पाहा. तिथले संचालक बँकेकडून आलेले अधिकारी असतात, ते बदलतात, आणि संस्था चालू राहते.

निमाडची लेक
ती तुलना इथे लागू पडत नाही. स्वरोजगार प्रशिक्षण घेतलेली बाई शिलाईयंत्र घेऊन आपल्याच गावी परतते. आपण मात्र अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला परक्या शहरातील कारखान्यात पाठवतो. दुसऱ्या महिन्यात जेवण सोसले नाही, पगार कापला गेला किंवा खोलीतल्या मुलांशी भांडण झाले, की त्याचा बाप ज्या माणसाच्या शब्दावर मुलाला पाठवले त्यालाच फोन करतो. तो फोन कोण उचलणार, याचे उत्तर प्रस्तावात नाही, आणि बहुतेक मुले नोकरी सोडून परत येतात ती याच काळात.

पलासियाकर
हा आक्षेप मला पटतो. मार्गदर्शकपद हा मात्र त्यावरचा उपाय वाटत नाही. गावाचा विश्वास एका माणसाच्या फोनवर टांगलेला असणे हा मुलांसाठीच धोका आहे, कारण तो माणूस आजारीही पडू शकतो. म्हणून गावोगावी दिलेला माझा मोबाइल क्रमांक मी संस्थेच्या स्वाधीन करीन आणि तो नोकरीवरच्या मुलांची विचारपूस करणाऱ्या कार्यकर्तीकडे राहील. त्यासाठी नवी प्रमुख मार्चमध्ये नव्हे, दिवाळीपूर्वीच रुजू व्हावी, असे मी मंडळाला लेखी कळवणार आहे, म्हणजे मुकादम गावात येतो त्याच दिवसांत तिलाही माझ्यासोबत घरोघरी जाता येईल. मजुरीला बाहेर गेलेली माणसे होळीआधी भगोरियाच्या हाटांसाठी, म्हणजे आदिवासींच्या सणाच्या बाजारांसाठी, गावी परत येतात. तेव्हा नव्या बॅचची नोंदणी ती करील आणि तडवी (गावाचा पारंपरिक प्रमुख) व सरपंचांशी बोलणेही तीच करील. मंडळाने एवढे मान्य केले नाही, तर मी मुदत वाढवून घेईन, पण मार्गदर्शकाची खुर्ची घेणार नाही.