महागडा रॅचेट: दाते जास्त हवेत की उघडता येणारं डोकं?

गोटीपाना
ओळखीच्या गॅरेजवाल्याने अर्धा इंची महागडा रॅचेट (आत दात्यांचं चक्र असलेला, एकाच दिशेला पकडणारा पाना) घेतला. आठ महिन्यांत तो उलट्या दिशेला सटकायला लागला. डोकं रिव्हेट मारून बंद केलेलं, सुटे भाग नाहीत, दुकानदार म्हणाला नवीन घ्या. मला याचा राग येतो. ज्याचं डोकं स्क्रू किंवा सर्क्लिप (झाकण धरून ठेवणारी कडी) काढून उघडत नाही, ज्याचं किट मागवता येत नाही, त्याला मी प्रीमियम म्हणणार नाही. जर्मनीच्या हाझेट, श्टालविले आणि जपानची कोकेन या कंपन्या अनेक रॅचेटसाठी आतल्या भागांचं किट वेगळं विकतात. खरा दर्जा तो. ७२ दाते, ९० दाते हे आकडे खोक्यावर छापायला बरे!

डिझेल_दादा
आकड्यांना असं मोडीत काढू नका. ३६ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला १० अंश फिरावं लागतं, ८० दात्यांच्या रॅचेटला ४.५. स्टार्टरचा वरचा बोल्ट फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) सापटीत हात घालून सोडवताना १० अंश मिळतच नाहीत, मग तुमचं किट कुठे लावायचं? दाते बारीक झाले की कमजोर होतात हेही अर्धवट. चांगली कंपनी एका वेळी जास्त दात्यांवर भार वाटते, स्नॅप-ऑन कंपनीच्या ड्युअल ८० रॅचेटमध्ये सात दाते एकदम धरतात. इथे अमेरिकेत डीलरची व्हॅन गॅरेजच्या दारात येते, बिघडलेला रॅचेट बऱ्याचदा तिथेच दुरुस्त होतो. मी डोकं कशाला उघडू?

गोटीपाना
व्हॅन तुमच्या दारात येते, दादा. माझ्या मित्राच्या गॅरेजसमोर एसटी थांबते. वॉरंटी कागदावर आजीवन असली तरी रॅचेट पाठवून परत येईपर्यंत त्याचं काम अडतं. किट घरात असेल तर अर्ध्या तासाचा मामला.

फिटर_सातपूर
दोघांनीही ग्रीसचा विषय काढला नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या कित्येक रॅचेटांत चासिसचं घट्ट ग्रीस ठासलेलं निघालं. त्याने खिटी (चक्राच्या दात्यांत अडकून उलटं फिरणं रोखणारा तुकडा) वेळेवर परत येत नाही, दात्याच्या टोकावर टेकते, आणि तेवढ्यात तुम्ही जोर लावता. टोक झिजलं की सटकणं सुरू. बारीक दात्यांना हे लवकर होतं, कारण पकडायला खोलीच कमी. पातळ ग्रीस बेताने लावा. आणि मागे पाइप लावून ताणू नका, गच्च बोल्टला ब्रेकर बार (रॅचेट नसलेला लांब दांडा) असतो.

बंद डोक्याबद्दल मात्र दादांच्या बाजूने एक सांगतो: क्रशरवर, सिमेंटच्या धुळीत सीलवालं डोकंच टिकतं. तिथे सील नसलेलं डोकं आठवड्यात करकरायला लागतं.

डिझेल_दादा
धुळीचं पटलं. पण सील असलं म्हणजे रिव्हेटच मारावं असं नाही, सील असून स्क्रूने उघडणारी डोकीही मिळतात.

गोटीपाना
मग मी तेवढंच मागतोय की!

फिटर_सातपूर
किट टाकाल तेव्हा फक्त खिटी बदलून भागवू नका. जुन्या झिजलेल्या चक्रावर नवी खिटी नीट बसत नाही, दोन्ही एकदम बदला. आणि झाकण काढताना वर फडकं धरा, छर्रा आणि स्प्रिंग उडाली की सापडत नाही.