शिफ्ट, रजा आणि घरून काम: तुमच्या कंपनीत कसं चालतं?

आज माळा आवरताना पप्पांचं पंचकार्ड सापडलं, हजेरीचं. पिवळं पडलंय, कडेला ऑइलच्या अंगठ्याचा डाग. पप्पा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या मोठ्या फाउंड्रीत मोल्डिंगला होते, वाळूचे साचे करायला. माझ्या दहावीच्या पेपरांत सुपरवायझरनी न मागता त्यांना सलग सेकंड शिफ्ट लावून दिली. पोरीला सेंटरवर सोडायला कोणीतरी पाहिजे म्हणून. त्या साहेबांचं नाव पप्पा अजून काढतात.

मी पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपनीत. मार्च २०२० पासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरूनच काम करत होते. आता आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात बोलावलंय. मुलगा तीन वर्षांचा, सोमवारी पहाटे एसटीला निघताना पदर सोडत नाही. तुमचं कसं चाललंय, लिहा.

—

मोल्डिंग म्हटल्यावर वाळूचा वासच आला बघा. आमचे बाबा भट्टीवर होते. नाइट करून आले की आई उंबऱ्यावरच बूट झटकायची. मूठभर काळी वाळू निघायची.

—

मी शिरोलीत राहतो, नोकरी कागलला. ऑगस्ट २०१९ ला हायवेच पाण्याखाली, जाणार कुठनं? तेवढ्या दिवसांची रजा कापली. २०२१ ला परत पूर. तोवर एचआरला नवीन मॅडम आलत्या. त्यांचाच फोन, "घरचं बघा, हजेरीचं मी बघते." कंपनी तीच, नियम तेच. त्या मॅडमसाठी आजबी रविवारी कामावर जाईन.

—

सेम ताई. स्वारगेटला उतरता का कात्रजला?

—

कात्रजला. तिथनं रिक्षा.

—

घरून काम चांगलंच, पण आमच्याकडं दिवस संपंना झालाय. रविवारी पोरांना घेऊन रंकाळ्यावर गेलतो. भेळेचा कागद हातात आणि साहेबांचा फोन, "पाच मिनिटं लॉगिन कर." पाऊण तास बाकावर बसून बोललो. बारकी भेळ धरून उभी होती, खाल्ली नाही तिनं. तेव्हापासून रविवारी फोन घरी ठेवतो. कोण काय बोललं नाही अजून.

—

ताई, पुण्याच्या ऑफिसात पाळणाघर आहे का बघा. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली हे सगळ्यांना माहीत असतं. पण ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर पाहिजे आणि आईला दिवसातनं चारदा बाळाकडं जाता येतं, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडं स्टोअरशेजारची खोली दाखवली होती, तिला पंखाही नव्हता. आम्ही चौघींनी सह्या करून अर्ज दिला, महिन्यात पंखा, गाद्या आणि एक मावशी मिळाल्या.

—

बूट झटकायचं वाचून पप्पा गप्पच झाले. आता त्या साहेबांचा नंबर शोधतायत. पाळणाघराचं मी कधी विचारलंच नव्हतं हो. उद्याच विचारते.

—

अर्ज मराठीत लिहिलेला आहे माझ्याकडं, पाठवते. सह्या जास्त घ्या.