मदत हवी आहे : जंगी पलटणीतले आबा

आमचे आबा गेल्या महिन्यात गेले. १ मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धात जमालपूरच्या लढाईत होते. ‘पूर्वी स्टार’ हे त्या युद्धाचं पदक मिळालेलं. घरी मात्र लढाईबद्दल बोलत नसत. पेन्शन आली की आधी नातवंडांची फी, मग आजीची औषधं, स्वतःसाठी काही उरलं तर उरलं. फार मायेचा माणूस.

वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. डिस्चार्ज बुकातली (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतली) शाई पुसट झाली आहे. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसातून सेवेचा तपशील मिळवायला वारसांनी अर्ज कसा करायचा? सोबत कोणती कागदपत्रं लागतात? आणि त्या वेळी पलटणीत असलेले कुणी काका, आजोबा तुमच्या घरी असतील तर कृपया कळवा. आम्ही भेटायला येऊ.