कोल्हापूर ते दिब्रुगड : कागदावरचे साडेतीन तास

कोल्हापूरहून आसामातल्या दिब्रुगडला विमानाने किती वेळ लागेल, यावर कुणीतरी '२४५० किमी, साडेतीन तास' असं उत्तर लिहिलंय. अंतर बरोबर आहे, पण ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सरळ अंतर. वेळ काढताना अंतर मोजणारी ऑनलाइन गणकयंत्रं ताशी ८०० किमीच्या आसपास वेग धरतात आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास टाकतात. तिथे थेट विमान जातं की नाही, हे त्यांच्या हिशेबात नसतंच! छोट्या धावपट्ट्यांवरची एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) तर जेमतेम ताशी ५०० किमीने उडते, आणि एका दमात एवढं लांब जातही नाही.

मी पुण्याहून निघा असंच सांगेन. लोहगाव (पुणे विमानतळ) ते दिब्रुगड सरळ अंतर साधारण २३७० किमी, म्हणजे फरक नगण्य. पण पुण्याहून कोलकात्याला थेट विमान मिळतं आणि तिथून पुढे दीडेक तास. मधला थांबा मात्र नीट बघा, खरा वेळ तिथेच जातो. परतीला हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, थोडा जास्त वेळ धरा. आणि हो, डिसेंबरात दिब्रुगडला साडेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी पोचणारंच विमान घ्या.