घरामागचा सेन्सरवाला दिवा स्वतः बदलायचाय, कुठला घेऊ?

खारीहवा
नेरुळला सिडकोचं जुनं रो-हाऊस. मागच्या बोळाकडचा १५० वॅटचा हॅलोजन सेन्सरसकट गेलाय. नळी बदलून पाहिली, पण होल्डरच जळून काळा पडलाय. आई रात्री त्याच दाराने कचरा ठेवायला जाते, त्यामुळे घाई आहे आणि इलेक्ट्रिशियन नुसतंच "येतो, येतो" म्हणतोय. घरातले स्विच, पंख्याचे रेग्युलेटर मी बदलतो. एलईडी किती वॅटचा घ्यावा? सेन्सर आतच बसवलेला की वेगळा? भिंतीतून दोनच वायरी येतात, लाल आणि काळी.

तारतम्य
बोळ असेल तर २० वॅट भरपूर. बरा एलईडी वॅटमागे १०० ल्युमेनच्या (उजेडाचं माप) आसपास देतो, म्हणजे दोनेक हजार झाले. ५० वॅटचा लावलात तर शेजारच्यांच्या बेडरूममध्ये दिवस उगवेल आणि भांडण तुमच्या दारात येईल. रंग ३००० केल्विनचा, पिवळसर घ्या. पांढऱ्याफटक ६५०० वर पावसाळ्यात किडे जास्त येतात.
सेन्सर वेगळाच. दोन्हींपैकी एक गेलं तर दुसरं फेकावं लागत नाही.

घाईगडबड
एवढं काय त्यात? स्विच बंद करा, जुना काढा, नवा लावा. दहा मिनिटांचं काम.

तारतम्य
@घाईगडबड, कृपया असं सांगू नका. जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) टाकलेला सापडतो. दिवा बंद दिसतो, पण फेज होल्डरपर्यंत जिवंत असतो. (स्विच बंद असूनही एलईडी मिणमिणत राहिला तर पहिला संशय याचाच घ्यावा.) म्हणून नुसता स्विच नाही, मेनच पाडा. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून पेटतो का बघा, मेन पाडून मग इथल्या दोन्ही वायरींना लावा. शिडी ॲल्युमिनियमची नको, लाकडी किंवा फायबरची.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलात: दोनच वायरी. म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर नाही. बाजारातले बहुतेक फ्लडलाइट ॲल्युमिनियमच्या बॉडीचे असतात, त्यांना हिरवी वायर हवीच. आत पाणी जाऊन फेज बॉडीला टेकली, तर ओल्या हाताने कडी उघडणाऱ्या माणसाला झटका बसेल. एक तर बोर्डापासून अर्थ ओढून घ्या, नाहीतर डबल इन्सुलेशनचा प्लास्टिक बॉडीवाला दिवा शोधा. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. वॅट आणि कंपनी हे त्यानंतरचे प्रश्न.

ऐरोलीची_माई
वरच्याला जोरदार अनुमोदन. सेन्सरबद्दल माझी भर: पीआयआर सेन्सर हलणारी ऊब ओळखतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला की चटकन पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आला की उशिरा. त्यामुळे दाराच्या डोक्यावर न लावता बोळाच्या बाजूच्या भिंतीवर, अडीच मीटरच्या आसपास लावा. एसीच्या बाहेरच्या युनिटकडे तोंड नको, गरम हवेच्या झोतानेही तो पेटतो. आमच्याकडे मांजरींची रात्रपाळी असते. सेन्सिटिव्हिटी कमी केल्यावर निम्म्या कटल्या.
सेन्सरच्या खाली तीन खुंट्या असतात: सेन्सिटिव्हिटी, वेळ आणि लक्स (किती अंधार पडल्यावर पेटायचं ते). दिवसा तपासताना लक्सची खुंटी सूर्याच्या खुणेकडे आणि वेळेची सगळ्यात कमीवर. वीज दिल्यावर एखादं मिनिट त्याला स्थिरावू द्या, लगेच "बिघडलाय" म्हणून परत पाठवू नका. चालला की लक्स चंद्राच्या खुणेकडे. आणि स्विच कायम चालू ठेवायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा!

खाडीकाठ
आयपी ६५ घ्या, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत जात नाहीत. पण पाणी दिव्यातून क्वचित शिरतं, शिरतं ते आपण केलेल्या जोडातून. नुसत्या टेपवर विसंबू नका. कनेक्टर लावून जोड बंद डबीत ठेवा, वायर खालच्या बाजूने, ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट आवळणारं बूच) आत घ्या आणि त्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथेच ठिबकतो. डबीच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन, खालची कड मोकळी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, आपल्या खाऱ्या हवेत साधे गंजून पुढच्या वेळी निघत नाहीत. खरेदीसाठी मुंबईचा विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ, गाठायची गरज नाही, नेरुळ-वाशीत सगळं मिळेल. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि वॉरंटी बघा.

खारीहवा
सगळ्यांचे आभार. अर्थिंगचं डोक्यातच नव्हतं. वेगळा सेन्सर आणि २० वॅट पक्कं. हिरवी वायर ओढायला तेवढा माणूस बोलावतो, बाकी मी करतो. तोवर आईला टॉर्च.

तारतम्य
उत्तम. माणूस येणारच आहे तर बोर्डात ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघायला सांगा. नसेल तर दिव्याआधी तो बसवून घ्या.