एकाच दिशेने फिरणारं कडं

'डाइव्ह कॉम्प्युटर असताना डाइव्ह वॉच म्हणजे नुसता मिरवायचा दागिना' असं काहींचं मत असतं, ते मला अर्धंच पटतं. डाइव्ह वॉच म्हणजे पाण्याखाली बुडी मारताना घालायचं घड्याळ, आणि डाइव्ह कॉम्प्युटर म्हणजे बुडीचा हिशोब ठेवणारं छोटं यंत्र. खोली, वेळ आणि शरीरात साठणारा नायट्रोजन यांचा हिशोब कॉम्प्युटरनेच ठेवावा, त्यात वाद नाही.

पण या घड्याळाचं फिरतं कडं, म्हणजे बेझल, नीट बघा. पाण्यात उतरताना त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे काटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर येईल, तितकी मिनिटं झाली. आजच्या बहुतेक डाइव्ह वॉचमध्ये हे कडं फक्त काट्यांच्या उलट्या दिशेने फिरतं. खडकाला घासून चुकून सरकलंच, तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. चूक झाली तरी माणूस लवकर वर येणार! फ्रेंच लष्कराच्या डायव्हर्सनी वापरलेल्या १९५३ च्या 'ब्लाँपें फिफ्टी फॅदम्स' या डाइव्ह वॉचचं कडं तर दाबल्याशिवाय फिरतच नसे. इतका विचार केलेली वस्तू मनगटावर असावीशी वाटते, यात दिखावा कसला?

आणि उपयोगाचं म्हणाल, तर कॉम्प्युटर मध्येच बंद पडला की डाइव्ह तिथेच संपवायची. पण वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं, ती मोजायला घड्याळ लागतंच. सोबत साधं खोलीमापक मात्र हवं, नाहीतर ५ मीटर कुठे हे कळणार कसं?